तात्यांच्या स्टिकची मूठ

पूल खेळायला येणारा माणूस स्टिक हातात घेतली की आधी तिचं टोक बघतो. टोकावरची चामड्याची टिप नीट बसलीय का, काठी सरळ आहे का, टेबलावर घरंगळवून बघतो. मी मूठ बघते. मागच्या जाड भागावर, हात धरायच्या जागी, वीतभर लांबीत बारीक दोऱ्याची गुंडाळी असते. वेढ्याला वेढा असा चिकटलेला की मधे नखसुद्धा जाऊ नये. ही गुंडाळी हाताचा घाम पिते, हात घसरू देत नाही आणि अडकूही देत नाही. वडापाव खाऊन हात न धुणारे, गुटख्याची बोटं तशीच घेऊन येणारे, हरले की नखानं दोरा उकरत बसणारे, सगळे मला मुठीवरून कळतात. त्यातल्या काहींना मी तोंडावर बोललेही आहे.

बारामतीजवळ जळोचीत आमचं घर आहे आणि खालच्या गाळ्यात पूलची दोन टेबलं. बोर्डावर मोठ्या अक्षरात पूल लिहिलंय, पण येणारा प्रत्येक जण त्याला स्नूकरच म्हणतो. आमच्या ह्यांनी नोकरी सोडून हा उद्योग काढला तेव्हा सासर-माहेर दोन्हीकडच्यांनी तोंडं वाकडी केली होती. आता कॉलेजची पोरं येतात, एमआयडीसीतली पाळी सुटलेली माणसं येतात, एकदोन डॉक्टरही येतात, त्यामुळे तोंडं सरळ झालीत. गिऱ्हाईक हे सांभाळतात. स्टिकांची दुरुस्ती माझ्याकडे. मी आधी साड्यांना फॉल-पिको करायचे, त्यामुळे कुठला दोरा किती ओढला तर तुटतो हे बोटांना माहीत होतं. पहिली मूठ उसवली तेव्हा हे ती पुण्याला पाठवायला निघाले होते. मी म्हटलं, "दोराच गुंडाळायचाय ना? द्या इकडं."

इतकं सोपं नव्हतं ते. पहिल्या गुंडाळीला पोट आलं होतं आणि आठवड्यात ती सुटली. मग शिकले. जुना दोरा कापायचा, तो बसतो त्या खाचेतला वाळका गोंद ब्लेडच्या पातीनं खरवडायचा, लाकूड स्वच्छ करून पातळ गोंदाचा हात फिरवायचा. दोऱ्याचं टोक खाचेत आडवं ठेवून त्याच्यावरूनच वेढे घ्यायचे, म्हणजे गाठ मारावी लागत नाही. स्टिक दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी ठेवायची, एकानं ती फिरवायची आणि दुसऱ्यानं दोरा ताणून धरायचा. फिरवायचं काम ह्यांचं. मी "हळू" म्हटलं की हे थांबायचे आणि "थांबा" म्हटलं की विचारायचे, "का?" एवढ्याशा कामात आमची जितकी भांडणं झाली तितकी घर बांधतानाही झाली नव्हती.

शेवटचा वेढा झाला की टोक आत ओढून घ्यायचं, ओलं फडकं फिरवायचं, वर साडीला घालतो तशी पातळ खळ द्यायची. वाळल्यावर मूठ ज्योतीवरून झर्रकन न्यायची, म्हणजे वरचे तंतू जळून जातात. मग काचेचा पेला घ्यायचा आणि मूठ गरम लागेपर्यंत घासत बसायचं. घासून घासून दोरा गुळगुळीत होतो, तरी धरायला लाकडापेक्षा मऊ राहतो. पुढे त्याला साबण लावायचा नाही. मळली तर दमट फडक्यानं पुसायची, सावलीत वाळवायची आणि पुन्हा पेला.

हे सगळं माझ्या अंगवळणी पडलं होतं तेव्हा तात्या आमच्याकडे राहायला आले.

तात्या म्हणजे माझे वडील. आम्ही लासुर्ण्याचे, घरचा ऊस. आई जाऊन बरीच वर्षं झाली, धाकटा भाऊ आणि भावजय तिथंच राहतात. उन्हाळ्याच्या तोंडी तात्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वेळेत बारामतीला आणलं म्हणून थोडक्यात निभावलं. बोलणं ताळ्यावर आलं, पाय चालायला लागला, हात मात्र राहिला. रोज फिजिओथेरपीच्या मॅडमकडे न्यायला हवं होतं आणि लासुर्ण्याहून रोज ये-जा जमण्यासारखी नव्हती. भाऊ म्हणाला, "आक्का, हात बरा होईस्तवर तात्यास्नी तुझ्याकडं ऱ्हाऊ दे."

तात्यांनी ते दवाखान्याच्या खाटेवरून ऐकलं. "हात बरा झाला की दुसऱ्या दिवशी गाडी आण," त्यांनी भावाला बजावलं. "लेकीच्या दारात किती दिस बसायचं मानसानं?"

माझ्या लग्नानंतर तात्या आमच्या घरी एकदाही मुक्कामाला राहिले नव्हते. बाजाराला आले की डोकवायचे, पिशवीतली वांगी नाही तर पेरू ओट्यावर ठेवायचे, उभ्यानं पाणी प्यायचे आणि एसटीच्या वेळेचं निमित्त काढून निघायचे. जेवायला बसा म्हटलं तर "आत्ताच खाल्लंया" ठरलेलं. जावयासमोर अवघडून जायचे. आता बाहेरच्या खोलीत त्यांची खाट पडली, दोरीवर त्यांचं धोतर वाळायला लागलं. त्यांच्या हाताचं मला फार वाईट वाटत होतं. पण सकाळी उठून स्वयंपाकघरातून बाहेर डोकावलं आणि तात्या तिथं बसलेले दिसले की मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू. दोन्ही खरं होतं.

बघायला लोक यायचे. लासुर्ण्याची भावकी, पिंपळीची आत्या, कारखान्याच्या वजनकाट्यावरचे जुने ओळखीचे. प्रत्येक जण चहा व्हायच्या आत आपला हात पुढं करायचा. "तात्या, दाबा बगू." तात्या दाबायचे. समोरचा कळवळायचा, "आयाया! लई ताकद हाय की वो अजून!" सगळे खूश. तात्याही खूश. मग पाहुणा हात परत घ्यायला जायचा आणि तो निघायचा नाही. तात्यांची बोटं तशीच आवळलेली. पाहुणा हसत हसत ओढायचा, मी शेजारी बसून करंगळीपासून एकेक बोट उचलून द्यायचे, आणि हा भाग कुणी आजारात धरायचंच नाही. मॅडम बिचाऱ्या पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, मूठ उघडायचा व्यायाम करा, सैल सोडायला शिका. आम्ही माना डोलवायचो आणि घरी येऊन स्पंजचा चेंडू दाबायला द्यायचो. शेतकऱ्याचा हात बरा झाला म्हणजे त्याला धरता आलं, ही समजूत आमच्या डोक्यातून कोण काढणार?

दुपारी खाली गाळ्यात गर्दी नसते. तात्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरायचे आणि पंख्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून खेळ बघायचे. थोड्या दिवसांत त्यांना सगळं कळायला लागलं. "ह्यो काळा गडी मागं का ठिवलाय?" "त्यो पांढरा भोकात गेला तर वजा का?" एका दुपारी खेळणारे उठून गेले आणि तात्या म्हणाले, "पाव्हणं, ती काठी द्या बगू."

हे घाबरले, टेबलाचं कापड फाटेल म्हणून. पण सासऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती. तात्यांनी डाव्या हातानं स्टिक उजव्यात ठेवली. उजवी मूठ तिच्यावर मिटली. मग त्यांनी जो काही दणका दिला, त्यानं पांढरा चेंडू टेबलावरून उडून फ्रीजखाली गेला. तात्या खदखदून हसले. दवाखान्यातून आल्यापासून ते असे हसले नव्हते. हे फ्रीजखाली वाकून चेंडू काढत होते, तेही हसत होते.

"मूठ लई बारीक हाय तुमच्या काठीची," तात्या मला म्हणाले. "कोयत्यावाणी जाड कर. टूब बांध."

मला ते लगेच पटलं. पटणारच, मी उसातलीच. आमच्याकडे हातात धरायची जी वस्तू घसरते तिला सायकलची जुनी टूब कापून पट्ट्या बांधतात. कोयता, खुरपं, टिकाव, मोटरसायकलचं हॅन्डल, कशालाही. एक जुनी स्टिक काढली आणि तिच्या दोऱ्यावरच टूबेच्या पट्ट्या ताणून, एकावर एक चढवून बांधल्या. हातभर लांबूनही रबराचा वास यायचा. ह्यांनी ती हातात घेतली, परत ठेवली, आणि बायकोच्या माहेरचं प्रकरण म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी ती धरली आणि हात जागीच बसला. रबर आणि घाम एक झाले. स्टिक पुढे जाईना, मागे येईना. तात्यांनी जोर केला तशी मूठ आणखी आवळली, मनगटाच्या शिरा वर आल्या. मी बोटं सोडवायला गेले तर एक उचललं की दुसरं मिटायचं.

"वढ!" तात्या ओरडले. "मोडून काड बोटं! काय उपेग ह्येंचा!"

त्यांनी तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी होतं ते मला दिसू नये म्हणून. ह्यांनी येऊन स्टिकचं ओझं आपल्या हातात घेतलं, मी तात्यांचं मनगट मांडीवर ठेवून नुसती चोळत बसले. बऱ्याच वेळानं बोटं ढिली पडली. त्या वेळी, त्यांचा तळवा माझ्या दोन्ही हातांत असताना, मॅडम काय सांगत होत्या ते मला कळलं. त्यांना धरता येत होतं, पहिल्यापासून येत होतं. सोडता येत नव्हतं. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना रोज धरायलाच लावलं होतं. मला माझाच राग आला, भावकीचाही आला आणि टूबेचा तर फारच आला. तिथंच कात्री घेऊन ती फाडून काढली.

खालचा दोराही खराब झाला होता, म्हणून नवी गुंडाळी करायला घेतली. पेठेतल्या दुकानात लिननचा बारीक दोरा मिळाला. नेहमीच्यापेक्षा बारीकच घेतला, मूठ सडपातळ आणि गुळगुळीत व्हावी म्हणून. हे नेमके बाहेर गेले होते, फिरवायला कुणी नव्हतं. तात्यांना म्हटलं, "तुमी फिरवता का?"

"धरून?"

"धरायचं न्हाय. वरनं तळवा ठिवायचा आन् पुढं लोटायचं. लाटण्यावाणी."

आडव्या स्टिकवर तळवा टेकवून लोटली की ती फिरते. पकडली की थांबते. तात्यांचा हात दर थोड्या वेळानं मिटायचा, स्टिक थांबायची, मीही दोरा ताणून तशीच थांबायचे. दोरा ढिला सोडता येत नाही, सोडला तर मागचे वेढे फुगतात. मग त्यांची बोटं आपोआप सुटायची, तळवा सपाट व्हायचा आणि काम पुढं सरकायचं. मधेच ते म्हणाले, "थांब, उलट्या अंगानं घ्यायला लागलीस. पीळ सुटतोय दोऱ्याचा." बघितलं तर खरंच. उभी हयात त्यांनी घायपाताच्या दोऱ्या वळल्या होत्या, त्यांना ते दिसणारच. सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून केलं. एका मुठीला अख्खी दुपार गेली आणि चहाची आठवण दोघांनाही झाली नाही.

खळ वाळल्यावर घासायचं कामही त्यांनी मागून घेतलं. पेला आधी डाव्या हातात, मग उजव्यात. उजव्यातून पेला सुटेना तेव्हा शिव्या पेल्याला.

मग रोज दुपारी टेबल रिकामं झालं की आम्ही दोघं. पूलमध्ये मागचा हात सैल लागतो. स्टिक मागे ओढताना शेवटची बोटं उघडतात, पुढे जाताना मिटतात, नुसती टेकल्यासारखी. आवळून मारलं की टोक हलतं आणि चेंडू भलतीकडे जातो. मी त्यांच्या मागे उभी राहून म्हणायचे, "सोडा... आता मारा." गुळगुळीत दोऱ्यावर बोटं रबरासारखी चिकटत नव्हती, सरकत होती. पहिले काही दिवस नुसतीच काठी पुढे-मागे. मॅडमना सांगितलं तर त्या खूश झाल्या, म्हणाल्या हे चालू ठेवा. स्टिकनं हात बरा झाला असं मी म्हणणार नाही. गोळ्या होत्या, मॅडमची मेहनत होती. पण चेंडू भोकात घालायची ओढ तात्यांना होती, आणि ती स्पंजच्या चेंडूत नव्हती हे नक्की.

ती स्टिक फक्त त्यांची ठेवली. दुसऱ्या कुणी हात लावला तर तात्या खुर्चीतून नुसते खाकरायचे. रोज संध्याकाळी मी तिची मूठ पुसायचे. सुरुवातीला पांढऱ्या दोऱ्यावर चार काळपट पट्टे उमटले होते, आवळलेल्या चार बोटांचे, आणि मधला दोरा कोरा. दमट फडक्यानं पुसून, वाळवून, घासून ठेवावी तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चार पट्टे. मग पट्टे फिकट व्हायला लागले. एकमेकांत मिसळायला लागले. पावसाळा सरत आला तेव्हा एका संध्याकाळी मी मूठ उजेडात धरली आणि तिच्यावर सगळीकडे एकसारखा, हलका मळ होता, चांगल्या खेळणाऱ्याच्या स्टिकवर असतो तसा.

मला आनंद झाला. हात उघडला होता. म्हणजे आता गाडी येणार. खोटं कशाला बोलू, मला तात्या जायला नको होते. ह्यांच्याशीही ते आता मोकळे झाले होते, डाव लावून खेळायचे, जावयाला हरवलं की जेवताना एक भाकरी जास्त खायचे. त्या दिवशी मी कुणाला काहीच सांगितलं नाही. मुठीवर पेला जरा जास्तच वेळ फिरवत बसले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी तात्यांनी उजव्या हातानं चहाचा कप उचलला, प्यायले आणि खाली ठेवला. बोटं कपाच्या कानातून अलगद बाहेर आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मी आत जाऊन त्यांची पिशवी फळीवरून काढली, कपड्यांच्या घड्या घातल्या. एक सदरा उसवला होता, तो शिवून टाकला.

दुपारी भाऊ आला. मका आणि पालेभाजीची पिशवी ठेवली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "तात्या, हात काय म्हणतोय? घरी समदी वाट बगत्यात. न्यायचं का आज?"

तात्यांचा उजवा हात मांडीवर होता. मी बघत होते. बोटं हळूहळू आत वळली आणि मूठ मिटली, अंगठा वरून घट्ट.

"कुठं उघडतोय अजून," तात्या म्हणाले. "मॅडम म्हनत्यात, येळ लागंल."

मॅडम असं काही म्हणाल्या नव्हत्या. भावानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि मला त्याची दया आली. मी म्हटलं, "जेवून जा, पिठलं टाकते." तो जेवला, तात्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि उन्हं कलायच्या आत गाडीला किक मारून गेला. रस्त्याच्या वळणापर्यंत तात्या दारात उभे होते.

मग ते खाली उतरले. मी मागोमाग गेले. त्यांनी आपली स्टिक घेतली, धोतराच्या सोग्याला हात पुसला, वाकले. हात मागे आला, शेवटची दोन बोटं उघडली, आणि लाल चेंडू कोपऱ्यात गेला.

"तात्या," मी म्हटलं, "त्याला असं का सांगितलंत?"

त्यांनी वर पाहिलं नाही. टेबलावरच्या चेंडूंकडे बघत टोकाला चॉक लावत राहिले.

"मग काय सांगू? बरा हाय म्हनलो असतो तर न्हेलं असतं त्यानं." चॉक टेबलाच्या कडेवर ठेवून म्हणाले, "लेकीच्या घरी कारणाबिगर कसं ऱ्हायचं गं पोरी? हाताशिवाय दुसरं काय कारण हाय माज्याकडं?"